ज्या देवापुढे बाजार भरतो

जेवताना अण्णा एकदम म्हणाले, "तुझ्या आईचा एक नवस राहिलाय."

नीला ताक वाढत होती. तिचा हात थांबला नाही. वाटी भरली, ताक ताटात उतरलं, भाताच्या कडेकडेनं गेलं, आणि अण्णा ते बघत होते. आईला जाऊन दोन महिने होत आले होते. ह्या दोन महिन्यांत घरात आईविषयी जे काही बोललं गेलं ते सगळं कामाचं होतं. कोणत्या डब्यात काय आहे, कुणाला पत्र गेलं, कुणाचं राहिलं. नवऱ्याला औरंगाबादेत ठेवून नीला माहेरी राहिली होती ती अशाच कामांसाठी, आणि कामं संपत आली तशी तिला भीती वाटू लागली होती.

"बिरोबाचा," अण्णा म्हणाले. "हसनाबादच्या पलीकडे माळावर आहे, तो. तू तापातून उठलीस तेव्हा मी हिला विचारलं होतं, देवाला काही बोलली आहेस का. म्हणाली, बिरोबाला बोलले आहे. कधी जायचं फेडायला, तर म्हणाली, बघू. मग कोणीच गेलं नाही. आज कोर्टात एका मिसलीच्या कागदांत हसनाबादचं नाव आलं आणि लख्ख आठवलं."

द्वारकाबाई, अण्णांची धाकटी बहीण, चुलीपाशी बसून होती. ती म्हणाली, "सतरा वर्षं थांबलाय ना तो देव? मग वहिनीचं वर्ष होईस्तोवर थांबेल की."

"देव थांबेल, द्वारके. माणूस अडकून राहतं." अण्णांनी ताटातलं ताक बोटानं आवरलं. "नवस म्हणजे इकरारच. इकरार करणारा गेला तर तो वारसावर येतो."

"मग जाऊ दे तिला. पण नारळ ठेवायचा आणि लगेच पाठ फिरवायची. वर्षाच्या आत जत्रा बघायची नसते, वाजंत्री ऐकायची नसते. नाहीतर देवाचं नाव करून लेक पाळण्यात बसायची!"

"आत्या, मी एकोणतीस वर्षांची आहे."

"म्हणून तर सांगते. लहान पोरं सांगितलेलं ऐकतात."

नीला भांडी उचलून मोरीत गेली आणि तिथल्या गार फरशीवर नुसतीच उभी राहिली. नवस राहिला ह्याचं तिला काही वाटलं नव्हतं. अण्णांना तो खरा वाटतो, ह्याचं वाटलं होतं. कारण आईचे नवस खोटे असतात हे बारा वर्षांची असताना तिनं स्वतः, स्वतःच्या तोंडानं, ह्याच माणसाला सांगितलं होतं. आणि त्या दिवसानंतर आई कुठल्याही जत्रेला गेली नव्हती. सतरा वर्षं नीलानं ह्या दोन गोष्टी एकीला एक लावून ठेवल्या होत्या, कुणाला दाखवल्या नव्हत्या. आपण सांगितलं, आणि आईचं जाणं बंद झालं. अण्णांनी बंद केलं असेल, किंवा आईनं लाजेनं. तिनं कधी विचारलं नाही. आता विचारायला माणूस उरलं नव्हतं.

ज्या देवापुढे बाजार भरत नाही अशा देवाला आई कधी काही बोलल्याचं नीलाला आठवत नव्हतं. कोपऱ्यावरचा मारुती किती जवळ, पण अण्णांचा घसा बसला तेव्हा आई त्याला काही म्हणाली नाही. ती बोलली तीर्थपुरीच्या महादेवाला, आणि बाजाराचा वार बघून बोलली. म्हैस आटली तेव्हा धावड्याकडच्या कुठल्याशा देवीला साकडं गेलं, कारण तिथे चैत्रात कासारांची पन्नास दुकानं लागतात. नीलाचा खोकला तर फार उपयोगाचा होता. मोगलाईतल्या वकिलाच्या बायकोनं उगाच बाजारात हिंडायचं नाही, गाण्याबजावण्याला उभं राहायचं नाही, पण नवस आहे म्हटलं की गाडी जुंपली जायची. सासू असती तर तीही काही बोलू शकली नसती. देवाचं पाव घटकेत व्हायचं. मग आई पदर कमरेला खोचायची आणि तिची चाल बदलायची. ती चाल घरात नसायची. घरात आई भिंतीच्या कडेकडेनं चालायची. जत्रेत ती मधून चालायची, आणि लोक बाजूला व्हायचे. घरी बैल एक नव्हता, तरी ती घुंगुरमाळा वाजवून वाजवून बघायची, दुकानदाराला म्हणायची, ह्याचा आवाज बोदा आहे, दुसरी दाखव. खरबुजं हुंगायची. कासाराच्या पुढ्यात बसून हात दाबून घ्यायची, बांगड्या उन्हात धरून त्यांचा हिरवा उजेड नीलाच्या गालावर पाडायची. उन्हाळ्यातलं ते पांढरं ऊन, पाणी मारलेल्या मातीचा वास, गुळाच्या शेवेवरच्या माश्या, पाळण्याच्या लाकडाची करकर, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध आईचा घामानं चमकणारा, कुणाचाही नसलेला चेहरा. नीलाला तेव्हा वाटायचं, ही आपल्याला विसरली. भीतीही वाटायची आणि बरंही वाटायचं. पुढे तिनं पुष्कळ वाचलं, निरनिराळ्या देशांतल्या बायकांच्या गोष्टी वाचल्या, पण तो चेहरा तिला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

शेवटची जत्रा ह्याच बिरोबाची. तिथे ढोल असायचा. धनगरांचे गजी ढोल, मोठे, दोन माणसांनी उचलावे असे, आणि त्यांच्यापुढे रुमाल हलवत रिंगणात फिरणारी माणसं. आई एका धनगरणीच्या घोंगड्यांच्या पथारीवर बसायची, नीलाला मांडीशी घ्यायची, डोळे मिटायची. त्या दिवशी नीलाचं डोकं दुखत होतं. तहान लागली होती, आणि पाणी प्यायलं तरी तहान जात नव्हती. "आई, घरी चल." आईचं बोट नीलाच्या पाठीवर ढोलाबरोबर पडत होतं. "एवढं एक ऐकू." मग आणखी एक. ऊन घोंगड्यांवरून नीलाच्या पायांवर आलं, पोटावर आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर ती अण्णांच्या बैठकीत गेली. डोळे जळत होते, अण्णांच्या पुढ्यातले उर्दू कागद मुंग्यांसारखे हलत होते. ती म्हणाली, "आईचे सगळे नवस खोटे असतात. तिला नुसता बाजार करायचा असतो. ढोल ऐकायचा असतो." तिनं वळून पाहिलं तर आई दारात उभी. हातात पाण्याचा तांब्या. नीलासाठीच आणलेला असावा. अण्णा काय म्हणाले ते तिला आठवत नाही. बहुधा झोप म्हणाले. मग एकवीस दिवसांचा विषमज्वर, आणि त्यातलं काहीच आठवत नाही, फक्त छताची एक तुळई. ती उठली तेव्हा घरातलं काहीतरी हललेलं होतं. आई तिचे केस विंचरायची, पेज भरवायची, पण तिच्याकडे फार वेळ बघायची नाही.

आणि दळायचं ते जातं. जालन्यातल्या कादराबादेत त्यांच्या घरावरून वराती जायच्या, कुणाचा उरूस, कुणाची पालखी, कधी धनगरांचं ढोलपथक देव घेऊन नदीकडे निघायचं. लांबून पहिली थाप ऐकू आली की बायका सज्जात धावायच्या. आई हातातलं टाकून आतल्या खोलीत जायची, जात्याशी बसायची आणि दळायला घ्यायची. पीठ हवं असो नसो. दुपारी, तिसऱ्या प्रहरी, कधीही. वाजंत्री गल्लीबाहेर जाईपर्यंत ते घरघरत राहायचं. द्वारकाबाई हसायची, "वहिनीला वरात दिसली की भूक लागते." नीला हसायची नाही. तिला कळायचं की हे आपल्याला ऐकवणं आहे. तू सांगितलंस ना? बघ आता. प्रत्येक घरघरीत तिला तेवढंच ऐकू यायचं. ती लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या वरातीच्या बँडलाही आई आत होती. बाहेर बँड आणि आत जातं, आणि मुंडावळ्यांच्या आड नीला दोन्ही ऐकत होती.

कारभारीची गाडी जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी निघाली. कारभारी जुनं कूळ, आईला सगळ्या जत्रांना त्यानंच नेलेलं. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून त्याला उजेडात हसनाबाद गाठायचं होतं, पण बैल त्यांच्याच मताचे होते. नीला गाडीत कडब्यावर आडवी होती. तट्ट्याच्या फटींतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी तिच्या अंगावरून सरकत होतं आणि तिला कळेना की आपण जातोय की येतोय, बारा वर्षांच्या आहोत की एकोणतीस, शेजारी कुणी बसलंय का. नांगरलेली रानं, निंबाचा मोहोर, नदीचं कोरडं पात्र, त्यात खणलेल्या झिऱ्यावर वाकलेल्या बायका. मध्येच कारभारी बोलायचा, आणि ती ते जाग आल्यासारखं ऐकायची.

"रमाबाई असत्या तर इथंच गाडी थांबवायला लावली असती, ताई. ह्या आंब्याखाली. म्हनायच्या, कारभारी, बैल थकले. बैल का थकले व्हते? त्यान्ला तिथं खरबूजवाली दिसल्ती!"

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्या न्हाई बा काही माहीत करून घेतलं," कारभारी म्हणाला आणि बैलाच्या शेपटीला हात घातला.

मुक्काम करून सकाळी ते माळावर पोचले. देव म्हणजे एका चौथऱ्यावर शेंदराचा गोल दगड आणि वर कापडाची सावली. भंडाऱ्यानं सगळं पिवळं झालेलं होतं, पायऱ्या, पुजाऱ्याचे हात, कुत्रंसुद्धा. पुजाऱ्यानं विचारलं, नवस काय बोलला होता? नीलाला सांगता येईना. "मुलीच्या तापाचा," ती म्हणाली. "मुलगी कुठाय?" "मीच." त्यानं नारळ फोडला, अर्धा तिच्या ओटीत टाकला आणि पुढच्या माणसाकडे वळला. झालं. पाव घटकासुद्धा लागली नाही. तिनं आत्यानं सांगितल्याप्रमाणे लगेच पाठ फिरवली, आणि पाठ फिरवली की समोर बाजारच होता. गाडीकडे जायला दुसरी वाटच नव्हती.

ती खाली मान घालून चालू लागली. पण खाली मान घातली तरी बाजार खाली होताच: पथाऱ्यांवर मांडलेले चाळणे, सुया, दगडी खलबत्ते, कांद्यांचे ढीग, बत्तासे, एका आंधळ्या माणसापुढे ओळीनं ठेवलेल्या बासऱ्या. कुणीतरी ओरडत होतं, "बघून तर जा बाई, बघायला खर्चा न्हाई!" पाण्याचा शिडकावा, करपलेल्या तेलाचा वास, आणि मग एका वळणावर ओल्या लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा तो वास आला, आणि तिचे पाय थांबले. काळी, करडी घोंगडी घडी करून रचलेली होती. तिनं एकाचा कोपरा उचलला आणि नाकाशी धरला. ती किती वेळ तशी उभी राहिली कोण जाणे.

"घेनार असशील तर अंगावर घे, माय. हुंगून काय कळतंय?" पथारीवर एक म्हातारी बसली होती, कपाळभर भंडारा, तोंडात एक दात. ती बारीक डोळे करून बघत राहिली. "अगं बया. वकिलीनबाईची तू. नीला न्हवं?"

"तुम्ही कशावरून ओळखलं?"

"घोंगडं हुंगनारी बामनीन ह्या माळावर येकच आल्ती. मी सुगंधा. इथंच तर बसायच्या दोघी. सरक, बैस की. हुभ्यानं काय बोलतीस?" मग तिचं लक्ष नीलाच्या ओटीतल्या नारळाकडे गेलं. "बाई कशा हायेत?"

नीलानं सांगितलं. तिला वाटलं होतं म्हातारी गळा काढील. सुगंधाबाईनं फक्त एक घोंगडं उचललं, झटकलं, आणि परत होतं तिथंच ठेवलं. मग म्हणाली, "मला न्हाई कळवलं कुनी." आणि थोड्या वेळानं, "मंग आता कशाला आलीस?"

"तिचा नवस राहिला होता. माझ्या तापातला. तो फेडायला."

"राह्यला?" सुगंधाबाई मोठ्यानं म्हणाली, इतकी की शेजारचा कांदेवाला वळून बघू लागला. "कोन म्हनतं राह्यला? त्यो तर बाई रोज फेडून राह्यल्या व्हत्या की! तुला न्हाई सांगितलं?"

त्या साली जत्रा उठल्यावर सुगंधाबाई घोंगडी घेऊन जालन्याला फेरीला गेली होती. कादराबादेत वकिलाच्या घराचं मागलं दार उघडलं आणि रमाबाई बाहेर आली. केस सुटलेले, लुगडं नेसलेलं की गुंडाळलेलं कळत नव्हतं. "मला म्हनली, सुगंधा, पोरगी मांडीवर तापून राह्यल्ती आन मी ढोल ऐकत बसले. तिनं तीनदा चल म्हटलं, मी उठले न्हाई. माझ्या हाताला तिची पाठ गरम लागत व्हती, सुगंधा, आन मी त्याच पाठीवर ठेका धरून राह्यले. मला इथून हालता येत न्हाई, तू माझ्या वतीनं देवाला सांग. पोर उठली तर तुझा ढोल ह्या कानात घेनार न्हाई. कंचंच वाजाप घेनार न्हाई." सुगंधाबाईनं बोटानं कानाची पाळी ओढून दाखवली. "म्या म्हटलं, अगं बाई, दुसरं काई दे. नारळ दे, कोकरू दे. तर म्हनली, न्हाई. आजवर समदं खोटं बोलत आले, आता देवाला खरं काय द्यावं? माझ्यापाशी हे येकच खरं हाय."

नीलाच्या हातात नारळाची कवड होती. तिच्या शेंडीचे धागे ती एकेक करून ओढत होती. म्हणजे दारात तांब्या घेऊन उभ्या असलेल्या आईनं ते ऐकलंच नसेल, किंवा ऐकूनही तिला ऐकू गेलं नसेल. ती नीलाच्या डोळ्यांकडे बघत असेल, ताप किती आहे ते बघत असेल. म्हणजे ते जातं तिच्यासाठी नव्हतं. निदान तिला ऐकवण्यासाठी नव्हतं. आतल्या खोलीत एक बाई कानांत पीठ भरावं तसा तो आवाज भरून घेत होती, गल्लीतून जाणाऱ्या, तिला जिवाहून आवडणाऱ्या गोष्टीच्या आड. आणि भिंतीपलीकडे बसलेली मुलगी त्याचा अर्थ लावत होती. सतरा वर्षं दोघी एकेक गुन्हा घेऊन बसल्या, दोघींचाही आपापला, आणि दोघींपैकी एकीनंही दुसरीचा उघडून पाहिला नाही. नीलाला रडू येईल असं वाटलं, पण आला तो रागच. एकदा सांगायचं होतंस. मी तुला म्हटलं असतं, बस, ऐक. मी तुला स्वतः आणलं असतं.

"सुगंधाबाई, मी अण्णांना सांगितलं होतं," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडातून पहिल्यांदाच बाहेर येत होतं. "तिचे नवस खोटे असतात म्हणून. त्या जत्रेहून आल्यावर. मला वाटायचं, त्यामुळे तिचं सगळं बंद झालं."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली आणि मग तो एक दात दाखवून हसली. "येवढंच? आन वकीलसायबाला का डोळे न्हाईत? बायकोच्या अंगावर दर उन्हाळ्याला नवस उगवायले, घामोळ्यावानी, आन त्यान्ला कळलं नसंल? कोर्टात मोठमोठ्या लबाडांला बराबर वळखतो म्हनं त्यो!"

ताटातलं ताक बोटानं आवरणारे अण्णा नीलाच्या डोळ्यांपुढे आले. ते नक्की काय बघत होते, ते तिला सांगता येईना.

तेवढ्यात जमीन हलली. आवाज नंतर आला. आधी घोंगड्याखालच्या मातीतून काहीतरी पायांच्या नळ्यांत चढलं. माळाच्या त्या टोकाला ढोल उभे राहिले होते. बाजार एका दिशेला कलला. माणसं पथाऱ्या सोडून तिकडे सरकू लागली, पिवळी धूळ उठली. नीला झटकन उठली. वर्षाच्या आत ऐकायचं नसतं. आणि आत्याचं सोडा, हे तर आईनं सोडलेलं. ती गेली त्या दिवसापर्यंत पाळलेलं. ते आपण कसं घ्यायचं?

"कुठं चाललीस?"

"निघते. मला ऐकता यायचं नाही."

"का? बाईनं सोडलं, ते तिनं सोडलं. तू कुठं काय सोडलंस?" सुगंधाबाईनं तिच्या पदराला धरून खाली ओढलं. तिच्या हातात जोर होता. "ती तिथं कान मिटून बसली ती कशापायी? तू उठावीस, हिंडावीस म्हून. आन तू बी कानात बोटं घालून चाललीस तर देवाला वाटंल, ह्यान्ला पोरगी कशाला माघारी दिली म्या? बैस गप."

ती बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की हा ढोल आपण कधी ऐकलेलाच नाही. त्या वेळी तहान होती, डोकं होतं, घरी जायचं होतं. आईच्या बोटाचे ठोके तेवढे पाठीला कळले होते. आता तो पहिल्यांदाच येत होता, संथ, आधी एकच ढोल, मग त्याला विचारत विचारत दुसरा, मग सगळे मिळून, आणि मध्येच ते सगळे एकदम थांबत, आणि त्या थांबण्यात माळावरचं ऊन ऐकू यायचं, लांबचं एखादं मेंढरू, कुणाचा तरी खोकला. मग पुन्हा. कुणीतरी ओवी उचलली. शब्द कळत नव्हते, एक उंच, फाटका, न घाबरणारा आवाज. भंडाऱ्याची मूठ वर गेली आणि हवेत क्षणभर तशीच राहिली, तिच्यातून सूर्य पिवळा दिसला. रुमाल हलत होते. एक म्हातारा धनगर नाचता नाचता गिरकीत चुकला, समोरच्यावर आदळला, आणि बायका ओरडल्या, "आबाराव, घरी जा, म्हातारी वाट बघून राह्यली!" नीला हसली. हसू मोठ्यानं आलं. तिनं तोंडावर हात नेला आणि मग तो काढून घेतला.

कारभारी गर्दीतून वाट काढत आला. "ताई, ऊन कललं. बैल जुपू का?"

तिनं मान हलवली, नाही म्हणून. तो क्षणभर तिच्याकडे बघत उभा राहिला, मग डोक्याचं मुंडासं सोडून, त्याची घडी करून, तिथंच खाली टेकला.

पुढे एक जाडजूड बाई येऊन उभी राहिली होती, कडेवर पोर घेऊन, आणि तिच्या पाठीमुळे रिंगण झाकलं गेलं होतं. नीलानं मान डावीकडे केली, उजवीकडे केली. ढोलाची लय वाढत होती.

"अहो बाई," ती ओरडली, "खाली बसा ना! मला दिसत नाही."